गृहकर्ज थकले, १३(२) ची नोटीस आली : घराचे पुढे नेमके काय होते?

इंद्रायणीकाठ (९ मे)

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाने २०१९ साली मोशी येथे टू बीएचके सदनिका घेतली. त्यासाठी एका बँकेकडून ३२ लाखांचे गृहकर्ज २० वर्षांच्या मुदतीने काढले असून महिन्याचा हप्ता २७,८०० रुपये आहे. भाऊ आणि वहिनी दोघेही सहकर्जदार आहेत आणि जामीनदार म्हणून माझी सही आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये चाकणच्या कारखान्यातील त्याचे कंत्राट संपले. ५ डिसेंबरपासूनचा एकही हप्ता भरता आलेला नाही, आणि ही गोष्ट त्याने आम्हा कोणालाच सांगितली नाही. एप्रिलअखेर रजिस्टर पोस्टाने माझ्या पत्त्यावर नोटीस आली तेव्हाच आम्हाला ती कळली.

नोटिशीवर २१ एप्रिल ही तारीख आहे. सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) अन्वये ६० दिवसांच्या आत २७,४१,००० रुपये आणि त्यावरील पुढील व्याज भरावे, अन्यथा बँक कलम १३(४) खाली कारवाई करील, असे तीत लिहिले आहे. भावाला बँकेच्या अ‍ॅपवर ‘फोरक्लोजर अमाउंट’ अशी ओळ दिसली आणि घर बँकेच्या नावावर गेलेच, अशी त्याची समजूत झाली. वसुलीवाल्यांचे फोन रात्री नऊनंतरही येतात. आईला रक्तदाबाचा त्रास असल्याने तिला यातले काही सांगितलेले नाही.

कोर्टात न जाता बँक खरोखर घर ताब्यात घेऊ शकते का? आम्ही २७ लाख भरायचे की थकलेले हप्ते? घराला कुलूप लागण्यापूर्वी आमच्या हातात किती वेळ आहे? वहिनीच्या मामांचे म्हणणे आहे की घर लिलावात जाऊ द्यावे, तेथे ते स्वस्तात मिळते आणि नात्यातल्याच कोणीतरी घेऊन टाकावे. हा सल्ला मला पटत नाही, परंतु तो का चूक आहे हे मला नीट मांडताही येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त वसुली अधिकारी (९ मे)

मी एका बँकेच्या वसुली विभागात बरीच वर्षे काम केले आणि शेवटची काही वर्षे प्राधिकृत अधिकारी म्हणून अशाच नोटिशांवर सह्या केल्या. आपण विचारलेले एकेक घेतो.

प्रथम त्या शब्दाविषयी. आपल्याकडे बँकेच्या अ‍ॅपवर दिसणारी ‘फोरक्लोजर अमाउंट’ म्हणजे आज एकरकमी पैसे भरून कर्ज कायमचे बंद करायचे ठरवले तर लागणारी रक्कम. हप्ते वेळेवर भरणाऱ्या कर्जदारालाही ती दिसते. कर्ज थकल्यावर घर ताब्यात घेऊन विकण्याच्या प्रक्रियेला अमेरिकेत हाच शब्द वापरतात, त्यामुळे आंतरजालावर शोधणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. आपल्या भावाचे घर आज त्याच्याच नावावर आहे आणि ताबाही त्याचाच आहे.

बँकेला कोर्टाची पायरी चढावी लागते का, तर या कायद्याखाली नाही. २००२ पूर्वी तारण विकण्यासाठी आम्हाला दिवाणी दावा किंवा कर्जवसुली न्यायाधिकरणातला अर्ज याच वाटा होत्या आणि त्यात वर्षानुवर्षे जात. सरफेसी कायद्याने बँकेला स्वतःच तारणाचा ताबा घेऊन विक्री करण्याचा अधिकार दिला. कर्ज सहकारी बँकेचे असले तरी सुटका नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. पतसंस्थेची वाट मात्र निराळी आहे. तेथे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन जप्ती होते. आपले कर्ज बँकेचे असल्याने ती चर्चा येथे वाढवत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरते. आपल्या भावाचा पहिला हप्ता ५ डिसेंबरचा चुकला, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते झाले असणार. एनपीए झाल्यावर बँक संपूर्ण कर्ज परत मागते, म्हणून नोटिशीत २७ लाखांचा आकडा आहे. तो पाहूनच बहुतेक माणसे हातपाय गाळतात आणि हाताशी असलेले दीड-दोन लाखही भरत नाहीत, कारण सत्तावीस लाखांपुढे दीड लाखाचे काय, असे त्यांना वाटते. परंतु रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मुद्दल आणि व्याजाची *सर्व* थकबाकी भरली की खाते पुन्हा नियमित वर्गात आणता येते. डिसेंबर ते मे असे आपले सहा हप्ते थकले आहेत. त्यांचे १,६६,८०० रुपये होतात आणि त्यावर दंडात्मक आकार व नोटिशीचा खर्च असेल. घर वाचवण्यासाठी आज जमवायची रक्कम ही आहे. सहापैकी पाच हप्ते भरून मात्र भागत नाही. एक जरी राहिला तरी खाते एनपीएच राहते. २०२१ पासून यावर रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश आहे.

कायद्याच्या भाषेत नोटीस दिल्यावर बँक पूर्ण रकमेसाठी अडून बसू शकते, हे मी लपवत नाही. परंतु संपूर्ण थकबाकी भरलेल्या आणि पुढचे हप्ते कोठून येणार हे दाखवू शकणाऱ्या गृहकर्जदाराचे घर लिलावात काढण्यात बँकेला काडीचा रस नसतो. आम्हाला घर नको असते, खाते सुरळीत हवे असते.

६० दिवस नोटिशीवरील तारखेपासून धरा. त्या हिशेबाने आपली मुदत २० जूनला संपते. त्या अवधीत बँकेला लेखी म्हणणे द्या. कलम १३(३अ) अन्वये कर्जदाराने हरकत किंवा निवेदन दिले तर ते मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत बँकेने कारणांसह उत्तर दिलेच पाहिजे. निवेदनात नोकरी कधी गेली, थकबाकी कोणत्या तारखेला भरणार, नवे उत्पन्न कोणते, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, हे साध्या शब्दांत लिहा आणि रजिस्टर पोस्टाची पोच जपून ठेवा. शाखेत जाऊन साहेबांच्या पाया पडून आलेल्या माणसाकडे कागद कोणताच नसतो.

वसुलीचे फोन सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. वेळ आणि क्रमांक टिपून बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

एक विनंती आहे. आईंना सांगा. मी ताबा घेण्यासाठी अनेक घरी गेलो आहे. चिखलीतल्या एका घरी मंडळ अधिकारी जिन्यातच पंचनामा लिहीत बसले होते : शिलाई मशीन १, लोखंडी कपाट १, पाट २. त्या घरातल्या आजींना दारात पोलीस दिसेपर्यंत काहीच ठाऊक नव्हते. देव्हारा यादीत घालायचा की नाही यावर सगळे थबकले, तेव्हा आजींनी स्वतःच देव ताम्हनात काढून पदराखाली घेतले आणि मग ‘देव्हारा १, रिकामा’ अशी नोंद झाली. त्यांच्या नावावर एका पतपेढीत मुदतठेव होती आणि त्या घराची थकबाकी त्या ठेवीपेक्षा कमी होती, हे मला त्याच दिवशी त्यांच्याकडून कळले.

वकील, शिवाजीनगर (१० मे)

वरील प्रतिसाद अगदी योग्य आहे. मी पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, काम करते. त्यामुळे ६० दिवसांनंतरचा क्रम सांगते.

मुदत संपल्यावर बँक प्रथम प्रतीकात्मक ताबा घेते. दारावर ताब्याची नोटीस चिकटवली जाते आणि सात दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत ती छापली जाते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असावे लागते. कुटुंब त्या घरातच राहत असते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ अन्वये जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, अर्ज करते. कायद्याने तो ३० दिवसांत आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवसांत निकाली काढायचा असतो, परंतु व्यवहारात अधिक वेळ जातो. आदेश झाल्यावर तहसीलदार कार्यालयाकडून तारीख ठरते आणि पोलीस बंदोबस्तात घर रिकामे करून सील केले जाते. जिल्हाधिकारी येथे कर्जदाराची बाजू ऐकून न्यायनिवाडा करत नाहीत, बँकेचे कागद पुरे आहेत की नाहीत एवढेच पाहतात. त्यामुळे तेथे जाऊन हरकत घेऊ, या भरवशावर कोणी राहू नये.

हरकतीची जागा डीआरटी आहे. नुसत्या १३(२) च्या नोटिशीला तेथे आव्हान देता येत नाही. १३(४) चे पाऊल, म्हणजे ताबा किंवा पुढे लिलाव, पडले की त्या दिवसापासून ४५ दिवसांत कलम १७ चा अर्ज करावा लागतो. आपल्या रकमेसाठी अर्जाचे शुल्क सुमारे साडेनऊ हजार रुपये होईल. या पायरीवर थकबाकीचा ठरावीक हिस्सा आधी भरावा, अशी कायद्याची अट नाही. अट येते ती अपिलात. मुंबईच्या अपील न्यायाधिकरणात जाताना देय रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात आणि न्यायाधिकरण ते फार तर २५ टक्क्यांपर्यंत कमी करू शकते. पगारदार माणसाची लढाई त्यामुळे बहुधा डीआरटीतच संपते. दिवाणी न्यायालयाला या विषयात अधिकार नाही आणि उच्च न्यायालयांनी अशा याचिका सहसा ऐकू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे.

डीआरटीत काय टिकते हेही स्पष्ट सांगते. नोकरी गेली, आजारपण आले, या कारणांची मला मनापासून कळकळ वाटते, पण त्यांवर स्थगिती टिकत नाही. टिकतात ते प्रक्रियेतले दोष : नोटीस सहकर्जदाराला मिळालीच नाही, निवेदनाला उत्तर दिले नाही, वृत्तपत्रात सूचना छापली नाही, मूल्यांकन न करता राखीव किंमत, म्हणजे लिलावातील किमान किंमत, ठरवली, विक्रीपूर्वीची ३० दिवसांची सूचना दिली नाही. म्हणून प्रत्येक लिफाफा जपून ठेवा, टपालाच्या शिक्क्यासह.

आता मामांच्या सल्ल्याविषयी. पूर्वी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत सगळे पैसे भरून घर सोडवता येई. २०१६ च्या दुरुस्तीने कलम १३(८) बदलले. आता लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वीच संपूर्ण रक्कम भरावी लागते. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा पक्की केली. तेथे लिलावात बोली जिंकलेल्या खरेदीदाराला डावलून बँकेने कर्जदाराकडून पैसे स्वीकारले होते, आणि न्यायालयाने खरेदीदाराचा हक्क मान्य केला. तेव्हा घर एकदा लिलावाच्या सूचनेत गेले की ते परत आपल्याकडे येईल, हा हिशेबच धरू नये. लिलाव ऑनलाइन असतो. तेथे मामांच्या शेजारी कोण बोली लावत आहे हे त्यांना दिसणारही नाही.

शिवाय लिलावात घर कमी किमतीला गेले आणि कर्ज फिटले नाही, तर उरलेली रक्कम भाऊ, वहिनी आणि जामीनदार म्हणून *आपण* यांच्याकडून वसूल करण्याचा बँकेचा हक्क कायम राहतो. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. स्वस्तात विकले जाणारे घर आपल्या भावाचे आहे, आणि किंमत जितकी पडेल तितके देणे आपल्या अंगावर राहील, हे मामांना सांगा. उलट कर्ज आणि खर्च वजा जाऊन पैसे उरले तर ते कर्जदाराला मिळतात, ही गोष्टही अनेकांना ठाऊक नसते.

नोकरीचे लवकर जमणार नसेल तर घर स्वतःच विकावे, हा माझा ठाम सल्ला आहे. १३(२) ची नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. परंतु संमती मागितली तर बँका सहसा नाही म्हणत नाहीत. खरेदीदाराच्या बँकेचा धनादेश थेट तुमच्या कर्जखात्यात जातो, बँक मूळ कागद सोडते आणि उरलेले पैसे तुमच्या हातात येतात. खुल्या बाजारातला भाव आणि लिलावातला भाव यांत लाखांचा फरक पडतो.

लिलावात घर घेतलेला (११ मे)

प्रश्नकर्त्यांच्या कुटुंबावर आलेली वेळ वाईट आहे. मी याच प्रक्रियेच्या दुसऱ्या टोकाला होतो, त्यामुळे त्या टोकाची हकीकत सांगतो. मामांना ती वाचून दाखवावी.

२०२३ मध्ये मी पिंपरी-चिंचवड हद्दीतील एक वन बीएचके बँकेच्या ई-लिलावात घेतला. राखीव किंमत २६,४०,००० रुपये होती आणि तिच्या १० टक्के, म्हणजे २,६४,००० रुपये अनामत आधी भरावी लागली. बोली २५ हजारांच्या पटीत वाढत गेली आणि दुपारी २७,९०,००० वर माझ्या नावे थांबली. नियम असा की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी एकूण २५ टक्के भरायचे. माझे ६,९७,५०० झाले आणि अनामत वजा जाता ४,३३,५०० रुपये मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भरले. उरलेले २०,९२,५०० विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी विनंतीवरून मुदत वाढू शकते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. पैसे चुकले तर भरलेली सगळी रक्कम जप्त होते. फक्त अनामत नव्हे, पूर्ण २५ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये यावरही शिक्कामोर्तब केले आहे. गृहकर्ज मंजूर करून घ्यायला १५ दिवस पुरत नाहीत, म्हणून बोलीपूर्वीच दुसऱ्या बँकेशी बोलून ठेवले होते. तरीही शेवटचे चार दिवस मला झोप नव्हती.

जाहिरातीत ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे’ या अर्थाचे एक इंग्रजी वाक्य असते. त्यावरून माझी नजर सहज सरकली होती, आणि त्याच वाक्याने मला १४ महिने रखडवले. ताब्याच्या रकान्यात ‘प्रतीकात्मक’ असे लिहिले होते. त्याचा अर्थ घरात जुने मालक राहत होते आणि कलम १४ चा आदेश अजून व्हायचा होता. पैसे माझे गेले, हप्ता माझा सुरू झाला, आणि मी भाड्याच्या घरातच राहत होतो. शेवटी ताबा मिळाला तेव्हा महावितरणने मीटर काढून नेलेला होता आणि जुनी थकबाकी ११,३०० रुपये भरल्याशिवाय नवी जोडणी देणार नाही म्हणून सांगितले. मी वाद घालायच्या तयारीने गेलो होतो, परंतु जुन्या मालकाची वीजथकबाकी लिलावातील खरेदीदाराकडून मागता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकालच त्यांनी दाखवला. महापालिकेचा मिळकतकर ३८,४०० रुपये होता आणि सोसायटीची देखभाल थकबाकी १,८६,००० रुपये. मुद्रांक शुल्क ७ टक्के दराने १,९५,३०० आणि नोंदणी शुल्क २७,९०० झाले. म्हणजे २७ लाख ९० हजारांचे घर मला ३२ लाख ४८ हजार ९०० रुपयांना पडले, आणि त्यात १४ महिन्यांचे घरभाडे मी धरलेले नाही. त्याच इमारतीत खुल्या बाजारात तसा फ्लॅट ३६ लाखांना जात होता.

घर घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. परंतु पुन्हा असा व्यवहार केला, तर प्रत्यक्ष ताबा बँकेकडे असलेल्या घरावरच बोली लावीन, पाहणीच्या दिवशी घराआधी सोसायटीच्या कार्यालयात जाईन आणि डीआरटीत या मिळकतीविषयी प्रकरण चालू आहे का, हे प्राधिकृत अधिकाऱ्यांना लेखी विचारीन. विक्री रद्द झाली तर पैसे परत मिळतात, पण त्यासाठी घालवलेली वर्षे परत मिळत नाहीत. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे घर असल्यास खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. माझ्या व्यवहाराला तो लागू नव्हता.

सोसायटी सचिव, चिंचवड (११ मे)

वरच्या प्रतिसादात सोसायटीची थकबाकी वाचून लिहावेसे वाटले. आम्ही नव्या खरेदीदाराला मुद्दाम छळत नाही. कर्ज थकलेल्या सदनिकेची देखभाल तीन-चार वर्षे येत नाही आणि पाण्याच्या टँकरचा, लिफ्टचा खर्च उरलेले सभासद उचलत राहतात. बँकेने लिलावापूर्वी आम्हाला पत्र लिहून थकबाकी विचारली, तर आम्ही त्याच आठवड्यात आकडा कळवतो, पण पत्र येतेच असे नाही. खरेदीदाराने बोलीपूर्वी आमच्याकडे यावे, ही विनंती. आणि प्रश्नकर्त्यांनी भावाच्या सोसायटीला विश्वासात घ्यावे. घर स्वतः विकायचे ठरले, तर ना-हरकत पत्र बहुधा मागितले जाईलच.

इंद्रायणीकाठ (११ मे)

सर्वांचे मनापासून आभार. निवृत्त अधिकारी काकांच्या सांगण्यावरून काल आईला सांगितले. ती पाच मिनिटे काही बोलली नाही आणि मग कपाटातून ८० हजारांची मुदतठेवीची पावती काढून तिने टेबलावर ठेवली.

दोन शंका उरल्या आहेत. बँकेचा एक माणूस ‘ओटीएस करून टाका’ म्हणतो, ते करावे का? आणि जामीनदार म्हणून माझ्या स्वतःच्या कर्जाच्या अर्जांवर याचा परिणाम होईल का?

निवृत्त वसुली अधिकारी (१२ मे)

एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, म्हणजे बँकेने काही रक्कम सोडायची आणि कर्जदाराने उरलेली सगळी ठरलेल्या मुदतीत भरून कर्ज संपवायचे. ज्याच्याकडे मोठी रक्कम येणार आहे, पण पूर्ण देण्याइतकी नाही, त्याच्यासाठी ती आहे. आपल्याला खाते चालू ठेवायचे आहे, तेव्हा ती आपली वाट नव्हे. तडजोड हा कर्जदाराचा हक्कही नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. शिवाय पतअहवालात ‘तडजोडीने मिटवले’ अशी नोंद पडते आणि ती पुढे बरीच वर्षे भोवते.

जामीनदाराच्या पतअहवालातही थकीत कर्ज दिसते, त्यामुळे परिणाम होईल. थकबाकी भरल्यावर पुढच्या महिन्यांत नोंद सुधारते, परंतु इतिहास पुसला जात नाही.

आईंच्या ठेवीसह रक्कम जमली की शाखेतून लेखी हिशेब मागा : खाते नियमित होण्यासाठी अमुक तारखेला नेमके किती भरावे लागतील. ५ जूनला सातवा हप्ता येईल, तो धरून रक्कम मागा. आपल्या अंदाजाने भरू नका. पाचशे रुपये कमी पडल्यामुळे खाते एनपीएच राहिल्याचे मी पाहिले आहे.

इंद्रायणीकाठ (१२ जून)

पुढची हकीकत सांगणे माझे कर्तव्य आहे. निवेदन १४ मे रोजी रजिस्टर पोस्टाने पाठवले, बँकेला ते १६ तारखेला मिळाले आणि २९ तारखेला उत्तर आले. मुदतवाढ नाकारली आहे, परंतु संपूर्ण थकबाकी भरल्यास खाते नियमित करण्याचा विचार करू, असे लिहिले आहे. शाखेने सात हप्ते, दंडात्मक आकार आणि नोटीसखर्च मिळून २,०६,३५० रुपयांचा लेखी हिशेब दिला. आईची ठेव, वहिनीच्या पाटल्यांवर सोनेतारण आणि माझ्याकडचे पैसे मिळून ती रक्कम काल, मुदतीच्या नऊ दिवस आधी, भरली. भावाला भोसरीत काम मिळाले आहे, पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. सहा महिन्यांत हप्ता झेपत नाही असे दिसले तर बँकेच्या संमतीने घर विकायचे, हे आम्ही सर्वांनी बसून ठरवले आहे, आणि त्या बैठकीला मामाही होते.

पैसे भरल्याची पावती मिळाली. आता आणखी काही मागून घ्यावे का?

निवृत्त वसुली अधिकारी (१२ जून)

फार बरे वाटले. पावती पुरेशी नाही. खाते नियमित झाले असून २१ एप्रिलच्या नोटिशीनुसार पुढील कारवाई करण्यात येणार नाही, असे पत्र प्राधिकृत अधिकाऱ्यांच्या सहीने मागा. शाखाधिकाऱ्यांच्या सहीवर समाधान मानू नका, कारण नोटीस त्यांनी काढलेली नाही. पत्राची एक प्रत जामीनदार म्हणून आपल्या नावेही घ्या, आणि ५ जुलैचा हप्ता ३ तारखेलाच खात्यात राहील अशी व्यवस्था करा.

वकील, शिवाजीनगर (१३ जून)

त्या पत्रासाठी अर्ज देतानाही पोच घ्या. आणि आधीचे लिफाफे टाकू नका.